हटवारांची मांडणी

१९८८ सालच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, भंडाऱ्यातील आमच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात संगणक आला. सव्वाअकरा वाजता मुख्य कंपोझिटर वासुदेव हटवार यांनी त्याचा कीबोर्ड उचलून उलटा केला, मागचे स्क्रू मोजले आणि नागपूरहून आलेल्या इंजिनिअरला विचारलं, "बदलते का?"

"काय बदलायचं?" इंजिनिअर म्हणाला.

"सारं."

हा प्रश्न हटवार प्रत्येक वस्तूला विचारत. मी त्या साप्ताहिकात उपसंपादक होतो आणि १९७३ पासून तो प्रश्न ऐकत होतो. नवी सायकल घेतली तेव्हा दुकानातच त्यांनी घंटी डावीकडून उजवीकडे लावून घेतली आणि कॅरियरला मागून टेकायची लोखंडी पट्टी जोडून घेतली. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना मान्य नव्हतं. आमचा अंक गुरुवारी छापून निघत असे, म्हणून आठवडा शुक्रवारी सुरू झाला पाहिजे असं त्यांचं मत होतं. दर जानेवारीत ते कात्री घेऊन बारा महिने कापत आणि वार मागेपुढे करून पुठ्ठ्यावर चिकटवत. छापखान्यात येणारा माणूस त्या कॅलेंडरकडे बघून तारीख विचारायचा, मग वार विचारायचा आणि मग परत तारीख विचारायचा.

हटवार मूळचे पवनीचे. वैनगंगेच्या अलीकडे त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस सारखा उठत नाही. धोटा, सूत, कात्री, पाणी, तंबाखू, सगळं हाताच्या अंतरावर असावं लागतं. "माह्या बापानं तीस वर्षं एका जाग्यावर बसून लुगडी काढली जी," ते सांगत. "जिथं हात पडते, तिथं वस्तू पायजे. वस्तू जिथं आहे तिथं हात न्याचा म्हणजे गुलामगिरी."

ही गुलामगिरी त्यांनी आमच्या छापखान्यातून १९७५ साली हटवली. ती कशी, हे सांगण्यासाठी थोडी माहिती द्यावी लागेल. त्या काळी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवत. प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा, आणि ते खिळे लाकडी केसच्या लहान लहान खणांमध्ये असत. कोणता खण कोणत्या अक्षराचा, हे सर्वत्र जवळपास ठरलेलं असे. त्यामुळे गोंदियाचा कंपोझिटर भंडाऱ्याला आला तरी त्याचा हात चुकत नसे. हटवारांनी एका रविवारी आमच्या दोन्ही केस रिकाम्या केल्या आणि सोमवारी सकाळी अक्षरं नव्या जागी होती. सतत लागणारी अक्षरं पोटाजवळ आली, क्वचित लागणारी वरच्या कोपऱ्यात गेली. शिवाय खणांच्या पट्ट्यांना त्यांनी जागोजागी सुताच्या गाठी बांधल्या होत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

"हे काय लावलं?" मालकांनी विचारलं.

"शोभा."

"हटवार, हा छापखाना आहे का तुमचा माग?"

"मागच आहे जी. सूत शिशाचं आहे, एवढंच."

दुसरी केस बळीराम मेश्राम यांची होती. मेश्राम हटवारांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. हटवारांना खिळा धरायला त्यांनीच शिकवलं होतं. छापखान्यात सगळे त्यांना काकाजी म्हणत. अतिशय कमी बोलणारा माणूस. आपली केस न विचारता बदलली, याबद्दल ते भांडतील अशी आमची अपेक्षा होती. ते नव्या केससमोर उभे राहिले, दोन्ही हात खणांवरून एकदा फिरवले आणि म्हणाले, "चालते." त्या दिवसापासून त्यांच्या हाती कोणी मजकुराचा कागद दिला, तर ते तो न बघता शेजारी सरकवत. "वासुदेवले द्या जी. त्याले वाचाची हौस आहे."

हौस होती, आणि तिचा आम्हाला त्रास होता. हटवार मजकूर मोठ्याने वाचून जुळवत. तोही पूर्ण नाही. पहिला परिच्छेद खणखणीत आवाजात, दुसरा मनात, तिसरा पुन्हा मोठ्याने. असं का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "पूर्ण वाचलं त घसा बसते. नाही वाचलं त हात बसते."

या पद्धतीचा बाहेरही परिणाम होत होता. छापखान्याच्या खिडकीखाली गजाननची चहाची टपरी होती, आणि अंक निघायच्या आदल्या दिवशी बातम्या ऐकायला तिथे गर्दी जमे. एकदा आमच्याकडे बातमी होती. पहिला परिच्छेद: बपेऱ्याकडच्या रस्त्यावर पहाटे वाघ दिसल्याचं दोन गाडीवानांनी सांगितलं. दुसरा परिच्छेद: वनखात्याने ठसे तपासले असता तो तडस असल्याचं स्पष्ट झालं. तिसरा परिच्छेद: गावकऱ्यांनी तूर्त संध्याकाळी एकट्याने बाहेर पडू नये. टपरीवर पहिला आणि तिसरा पोचला. दुसऱ्या दिवशी वनखात्याचा एक कर्मचारी आमच्याकडे चौकशीला आला. लोक त्याला वाटेत अडवून वाघाचं काय केलं, असं विचारत होते.

"हटवार, दुसरा परिच्छेद वाचायला काय झालं होतं?" मी म्हणालो.

"तो मनातला होता जी."

मी मालकांकडे लेखी तक्रार दिली. या वाचनामुळे संपादकीय काम करणं अशक्य होतं, असा तिचा मजकूर होता. मालकांनी ती हटवारांकडे जुळवायला पाठवली की काय कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी हटवार माझ्या टेबलापाशी आले. मी लिहीत होतो. ते पाच मिनिटं माझ्या हाताकडे बघत उभे राहिले.

"संपादक साहेब," ते म्हणाले. मी संपादक नव्हतो. ते मला चिडवण्यासाठी तसं म्हणत. "तुम्ही डावखुरे आहा."

होय, म्हणालो.

"मंग हे टेबल दुसऱ्याचं आहे."

मी जेवून आलो तोवर टेबल वळलेलं होतं. खिडकीचा उजेड आतापर्यंत माझ्या लिहित्या हाताची सावली कागदावर पाडत होता, तो उजवीकडून येऊ लागला. दौत डावीकडे गेली, टेलिफोन उजवीकडे आला. कागदाखाली उतरत्या बाजूची एक लाकडी फळी होती, तिच्यामुळे ओल्या शाईवरून हात जात नव्हता. शाळेत डाव्या हाताने लिहितो म्हणून मी मार खाल्ला होता. नोकरीत तळहात शाईने काळा होई, आणि ते मी कामाचा भाग समजत होतो. त्यापूर्वी कोणी त्याबद्दल काही केलं नव्हतं. मी तक्रार मागे घेतली नाही. आभारही मानले नाहीत. ते दोन्ही करायला हवं होतं, आणि हा मजकूर लिहिण्याचं ते एक कारण आहे.

माझ्या घरी ते एकदाच जेवायला आले. पत्नी पोळ्या करत होती. हात धुवायला स्वयंपाकघरात गेलेले हटवार बराच वेळ बाहेर आले नाहीत. ते गेल्यानंतर तिने मसाल्याचा डबा उघडला. तिखट जिऱ्याच्या जागी होतं, हळद मधल्या वाटीत.

"तुमच्या त्या हटवारभाऊले सांगा, पुढच्या वेळी छापखान्यातच जेवा म्हणावं," ती म्हणाली आणि सगळ्या वाट्या जुन्या जागी ठेवल्या. चौथ्या दिवशी मी पाहिलं तेव्हा हळद पुन्हा मधल्या वाटीत होती. ती म्हणाली, "पाहून काय राहिले? हात तिथंच जाते."

हटवारांच्या केसची अडचण एकदाच उघडी पडली. १९८१ च्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला आणि ते आठ दिवस आले नाहीत. योगायोग असा की काकाजींनीही तेच आठ दिवस रजा घेतली. मालकांनी नागपूरहून एक जुना, अनुभवी कंपोझिटर बोलावला. लग्नसराई होती आणि पत्रिकांचं काम पडून होतं. नागपूरच्या माणसाने केसकडे न बघता, वीस वर्षांच्या सवयीने, तासाभरात एक पत्रिका जुळवली. प्रूफ निघालं. त्यात वराच्या नावात एकही काना-मात्रा नव्हती, वधूच्या वडिलांच्या नावात चार विसर्ग होते आणि लग्नाच्या ठिकाणी फक्त जोडाक्षरं होती. नागपूरच्या माणसाने प्रूफ दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"भाऊ, इथे कोणती भाषा चालते?" त्याने मला विचारलं. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

हटवार कामावर आले तेव्हा मालकांनी दोन्ही केस पूर्वीसारख्या करण्याचा हुकूम दिला. मी उपस्थित होतो. हटवार अजून अशक्त होते, भिंतीला धरून उभे होते.

"मालक, केस बदलवा त मलेही बदलवा."

"तुमच्या एका हौसेपायी धंदा बंद ठेवू का मी?"

"हौस समजा. पण मांडणी हालनार नाही."

काकाजी स्टुलावर बसून जमिनीकडे पाहत होते. आपल्या शिष्याच्या बाजूने दोन शब्द बोलायला काय हरकत होती, असं मला तेव्हा वाटलं. तसं मी टपरीवर बोललोही. मालकांनी शेवटी हात झटकले, कारण त्या दोघांइतकं काम भंडाऱ्यात दुसरं कोणी करत नव्हतं. चुकाही त्यांच्या सगळ्यात कमी असत. जुळवलेला मजकूर छापून झाला की खिळे परत आपापल्या खणात सोडावे लागतात. ते काम हटवार कोणालाही करू देत नसत. सकाळी सर्वांच्या आधी येऊन स्वतः करत. "एक खिळा चुकीच्या घरात गेला त सारी वस्ती बिघडते," असं त्यांचं कारण होतं.

अशा माणसापुढे १९८८ साली संगणक आला.

मालकांनी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. एक: दिवाळी अंक संगणकावर निघेल. दुसरी: हटवार आणि मेश्राम यांना तोवर हे यंत्र जमलं नाही, तर कंपनी नागपूरहून आपला शिकलेला ऑपरेटर देईल आणि दोघांना घरी बसावं लागेल. काकाजींना साठ पूर्ण व्हायला वर्ष-सव्वा वर्ष होतं. त्यांची धाकटी मुलगी शीला अध्यापक विद्यालयात होती आणि तिचं शेवटचं वर्ष बाकी होतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

इंजिनिअरने संगणकासाठी दोन पर्याय आणले होते. संगणक सुरू झाल्यावर माणसाने त्याच्याशी कोणत्या रीतीने व्यवहार करायचा, हे ठरवणारी मूळ व्यवस्था दोन प्रकारची मिळत होती आणि आम्हाला एक निवडायची होती. पहिली कंपनीने तयार करून दिलेली. पडद्यावर नीट चौकट, चौकटीत आकडे. एक दाबला की मजकूर लिहा, दोन दाबला की छापा, तीन दाबला की बंद. दुसरी डॉस. त्यात काळा पडदा आणि कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर, त्याच्यापुढे उघडझाप करणारी रेघ.

"पहिली घ्या," इंजिनिअर म्हणाला. "एकदम आसान. मुलंसुद्धा चालवतात."

मालकांनी मान हलवली. मीही हलवली.

"यातले आकडे बदलते का?" हटवारांनी विचारलं.

"नाही. मेनू कंपनीचा. पासवर्ड नागपूरला असतो."

"आवाज काढते का?"

"कोण?"

"हे यंत्र. काम झालं का आवाज देते का?"

"कायको आवाज पाहिजे? पडद्यावर दिसते ना."

हटवार दुसऱ्या यंत्रणेकडे वळले. "आणि याच्यात काय आहे?"

"काहीच नाही," इंजिनिअर हसून म्हणाला. "जे पाहिजे ते तुम्हीच लिहायचं. हे सी दिसतं ना, याच्या जागी तुमचं नाव पण टाकता येते."

"हुकूम आपल्या नावानं ठेवता येते? आवाज देते?"

"देते. पण भाऊ, सगळं हातानं करावं लागेल. पुस्तक इंग्रजीत आहे."

"मंग हेच पायजे."

मालक म्हणाले, "हटवार, तयार ताट समोर आहे आणि तुम्ही चूल मांडून राहिले."

"ताट दुसऱ्याच्या हाताचं आहे जी."

मी त्या दिवशी हटवारांच्या विरोधात बोललो, ही नोंद इथे करतो. दिवाळीला सात आठवडे होते. एका माणसाच्या लहरीपायी दुसऱ्या माणसाची नोकरी जाईल, असं मी त्यांना सर्वांसमोर म्हणालो. काकाजी तिथेच होते. "वासुदेव म्हणते त तेच घ्या," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मालकांसमोर मांडलेलं हे पहिलं मत होतं. मालकांनी डॉस घेतली, मुदत दिवाळी अंकाची कायम ठेवली आणि ऑपरेटरसाठी कंपनीला पत्रही लिहून ठेवलं.

हटवार सातवी शिकलेले. त्यांनी शाळेतल्या एका इंग्रजीच्या शिक्षकांना गाठलं आणि रोज दुपारी जेवणाच्या सुटीत त्या पुस्तकाचं एक पान समजावून घेऊ लागले. शिक्षकांना संगणकातलं काही कळत नव्हतं आणि हटवारांना इंग्रजीतलं. दोघं मिळून पान पुरं करत. पहिले दोन आठवडे यंत्राने काहीही केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी पडद्यावर त्या एका अक्षराच्या जागी रोमन लिपीत 'बोला जी' अशी अक्षरं आली. हटवारांनी खुर्ची सोडून सर्वांना बोलावलं. छपाईचा माणूस, बाइंडर, गजानन, सगळे येऊन बघून गेले.

"काय बोलू?" गजाननने विचारलं.

"काही बोल. त्याले अजून उत्तर येत नाही."

त्यानंतर गती वाढली. पुस्तकातले इंग्रजी हुकूम त्यांनी लहान फायलींमध्ये बांधले आणि त्या फायलींना आपली नावं दिली. 'काढ' म्हटलं की मजकूर उघडे, 'ठेव' म्हटलं की फ्लॉपीवर उतरे, 'छाप' म्हटलं की प्रिंटर सुरू होई. प्रत्येक कामाला वेगळा आवाज होता. मजकूर उघडला की एक पीप, फ्लॉपीवर उतरला की दोन, छपाईला गेला की तीन. काही चुकलं की लांब, रडल्यासारखा. मी म्हणालो, छापखान्यात कोंबडी पाळली आहे का? हटवार म्हणाले, "मले आवडते."

मराठी अक्षरांचा वेगळा प्रोग्राम होता. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर, याचा तक्ता त्यात बदलता येत होता. तो त्यांनी बदलला नसता तर मला धक्का बसला असता. सतत लागणारी अक्षरं जुन्या केसमध्ये जशी पोटाजवळ होती, तशीच कळींवर आली. काही कळींवर त्यांनी डिंकाचे थेंब वाळवून बसवले. एकावर एक, दुसरीवर दोन. पुढच्या भेटीत इंजिनिअरने ते पाहिलं.

"ये क्या किया? वॉरंटी जाईल!"

"शोभा आहे जी."

खुर्ची काढून त्यांनी बाक आणला. बाकावर दोघं शेजारी शेजारी बसत. हटवार एक परिच्छेद मोठ्याने वाचत आणि काकाजी तो टाइप करत. मग कीबोर्ड हटवारांच्या मांडीवर सरके, दुसरा परिच्छेद ते मनात वाचून टाइप करत, आणि कीबोर्ड पुन्हा काकाजींकडे जाई. पानाचा डबा फिरवावा तसा तो कीबोर्ड दिवसभर फिरत असे. "एक आदमी का कीबोर्ड दो आदमी?" इंजिनिअर मला हळूच म्हणाला. मी त्याला म्हणालो, इथे विचारायचं नाही.

रोज सकाळी यंत्र सुरू झालं की पडद्यावर पहिली ओळ येई: राम राम जी, जय भीम काकाजी. ती ओळ हटवारांनीच घातली होती, आणि ती उमटली की ते रोज मोठ्याने वाचत. काकाजी प्रत्येक वेळी "जय भीम" म्हणत आणि टोपी सारखी करून बसत.

दिवाळी अंक वेळेवर निघाला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गठ्ठे एस.टी.ने तुमसर, साकोली आणि पवनीला रवाना झाले. मालकांनी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं आणि ऑपरेटर नको असल्याचं कळवलं. त्या अंकात मला एकूण अकरा चुका सापडल्या. त्यातल्या आठ माझ्या होत्या.

शीला पुढच्या उन्हाळ्यात उत्तीर्ण झाली. तिला लाखांदूरकडच्या एका शाळेत नोकरी लागली. १९८९ च्या डिसेंबरात काकाजींना साठ पूर्ण झाली आणि एका शनिवारी दुपारी छापखान्यातच त्यांचा निरोप समारंभ झाला. वीसेक माणसं होती. मानपत्र मी लिहिलं होतं. ते दोन पानांचं होतं; चार दिवस आधी हटवार ते टाइप करायला घेऊन गेले होते. मालक म्हणाले, "काकाजी, जन्मभर दुसऱ्याचं जुळवलं. आज तुमचं तुम्हीच वाचून दाखवा."

काकाजींनी हटवारांच्या दिशेने मान वळवली. हटवारांनी दोन्ही पानं त्यांच्या हातात दिली. काकाजी उभे राहिले आणि वाचू लागले. पान उलटं होतं. डोकं खाली, पाय वर. लोक हसले. कंपोझिटर शिशाची अक्षरं उलटीच वाचतो, हे तिथे सर्वांना माहीत होतं. "पाहा, सवय जात नाही!" छपाईचा माणूस ओरडला. काकाजीही हसले आणि पुढे वाचत राहिले. एकही शब्द चुकला नाही.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पहिलं पान कुठे संपतं हे मला माहीत होतं, कारण मजकूर माझा होता. 'त्यांच्या हातून' हे शब्द पहिल्या पानाच्या तळाशी होते आणि 'गेलेली अक्षरे' दुसऱ्या पानाच्या माथ्यावर. काकाजी 'त्यांच्या हातून गेलेली अक्षरे' असं सलग म्हणाले आणि पुढे गेले. त्यांनी पान पालटलं नव्हतं. शेवटच्या ओळीपर्यंत पहिलंच पान वर होतं.

मी हटवारांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"संपादक साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "टाळ्या वाजवा."

मी वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

लोक पांगल्यावर हटवार मागच्या नळावर हात धूत होते. मी विचारलं, केव्हापासून?

"पंचाहत्तरपासून नजर कमी. आणीबाणी उठली तेव्हा हेडिंगची अक्षरं दिसत होती. मंग तेही गेलं. आता उजेड समजते, माणूस समजते."

"डॉक्टर?"

"नागपूरले नेलं होतं दोनदा. येणार नाही म्हणाले."

"आणि केस? गाठी?"

"त्याईचा हात जिथं पडे, तिथं अक्षर ठेवलं. एवढंच."

"मालकांना माहीत आहे?"

"तुम्ही सांगितलं त होईन."

मी सांगितलं नाही. मालक आता हयात नाहीत, आणि हे लिहिण्यासाठी शीलाबाईंची परवानगी घेतली आहे. १९८१ साली काकाजींबद्दल टपरीवर जे बोललो होतो, ते मी त्या दिवशी नळावर हटवारांना सांगितलं. त्यांनी हात पुसले. "तुम्हाले मनातला परिच्छेद आयकू आला नव्हता जी," ते म्हणाले. "त्याच्यात तुमचा काय दोष."

मग त्यांनी सायकल काढली. काकाजी कॅरियरवर बसले, त्या लोखंडी पट्टीला पाठ टेकली, मानपत्राची सुरळी मांडीवर धरली. इतकी वर्षं ती पट्टी मी पाहत होतो. ती सामान बांधायला असावी, असा माझा समज होता.

सोमवारी सकाळी मी दहा वाजता कामावर आलो. हटवार बाकाच्या उजव्या टोकाला बसले होते. डावीकडची जागा रिकामी होती. मी विचारलं, आता हे पीप काढून टाकता येतील ना, बदलतं ना ते?

"बदलते," ते म्हणाले.

त्यांनी यंत्र सुरू केलं. पडद्यावर ओळ आली. "राम राम जी, जय भीम काकाजी," त्यांनी मोठ्याने वाचली. मग 'काढ' टाइप केलं. एक पीप वाजला. समोर माझ्या हस्ताक्षरातला धानाच्या भावाचा मजकूर होता. हटवारांनी पहिला परिच्छेद खणखणीत आवाजात वाचला आणि टाइप केला. कीबोर्ड बाकावर डावीकडे सरकवला. मग तो परत मांडीवर घेतला. दुसरा परिच्छेद त्यांनी मनात वाचला. तिसरा मोठ्याने वाचला.